तांदळात लिहिलेल्या नावाला दहावीला बसू देण्याबाबत

दिनांक : २२ सप्टेंबर २०२५

प्रति,
मा. नोंदणी अधिकारी,
प्रौढ व खासगी परीक्षार्थी कक्ष (दहावी),
नवी मुंबई.

विषय : नववी उत्तीर्ण असलेल्या अर्जदाराचा १७ नंबरचा फॉर्म नावातील तफावतीमुळे न फेटाळता, येत्या मार्चच्या दहावीच्या परीक्षेस बसू देण्याबाबत.

संदर्भ : १) आपल्या कक्षाचे त्रुटीपत्र, दि. ४ ऑगस्ट. २) त्रुटीपूर्ततेतील त्रुटीबाबतचे त्रुटीपत्र, दि. १ सप्टेंबर. ३) खिडकी क्र. ३ वरील तोंडी नकार, एकूण पाच.

अर्जदार : सौ. मुक्ताबाई कोंडिबा शेडगे, वय ६७, राहणार माथाडी वसाहत, कोपरखैरणे.

महोदय,

१. फॉर्म भरण्याची मुदत ३० सप्टेंबरला संपते. आज बावीस तारीख आहे. मधला रविवार सोडला तर सात दिवस उरतात, म्हणून हा अर्ज लांबला तरी तो एका बैठकीत वाचावा अशी सुरुवातीलाच विनंती आहे. आपल्या खिडकीवर असे सांगण्यात आले की अर्जात सारखे ‘मी, मी’ करू नये, ‘अर्जदार’ असे लिहावे. त्याप्रमाणे लिहिले आहे. ही अर्जदार नेमकी कोण, यावरच सगळे घोडे अडलेले असल्यामुळे तसे लिहिणे सोयीचेही पडते.

२. अर्जदाराचा जन्म मौजे पानसवाडी, तालुका पाटण, जिल्हा सातारा येथे झाला. जन्मतारीख १ जून १९५८ अशी आहे. गुरुजींनी त्या काळी गावातल्या निम्म्या पोरांना हीच तारीख लावली होती, तेव्हा तिच्यावर फार विसंबू नये. नाव मात्र आईबापांनी ठेवलेले होते, अनसूया तात्याबा निकम. अर्जदार एप्रिल १९७४ मध्ये नववी उत्तीर्ण झाली. वर्गात मुली चार आणि मुलगे एकवीस होते. गणितात अर्जदाराचा पहिला नंबर होता आणि हे ती आजही मान वर करून सांगते, कारण सांगण्यासारखे तिच्याकडे दुसरे फारसे काही नाही. दहावीची पुस्तके मामेभावाकडून आणून त्यांना कव्हरे घालून झाली होती. मे महिन्यात लग्न ठरले आणि पुस्तके परत गेली.

३. येथे अर्जदार एक गुन्हा कबूल करते. वराकडे थोरल्या सुनेने घर फोडले होते, आणि ती सातवी शिकलेली होती. त्यामुळे अर्जदाराच्या सासूबाईंनी एकच अट घातली होती, की मुलगी शिकलेली नको. वर स्वतः चौथी पास. लग्न जमवणाऱ्या मामाने बिनदिक्कत सांगून टाकले की पोरीने शाळेची पायरीसुद्धा चढलेली नाही. निघताना आईने अर्जदाराच्या कानात एवढेच सांगितले, “तिथं अक्षर काढू नगंस, बाई.” अर्जदाराने आईचे ऐकले. ती पन्नास वर्षे ऐकत राहिली, असे म्हटले तरी खोटे होणार नाही.

४. लग्न लागून वरात घरी आल्यावर रीतीप्रमाणे परातीत तांदूळ पसरले आणि नवऱ्याने उसन्या अंगठीने त्यात नवरीचे नवे नाव लिहिले. अर्जदार समोर बसली होती, तिला अक्षरे उलटी दिसत होती, तरी ‘मुक्ता’ हे तिने सगळ्यांच्या आधी वाचले. पण नणंदेने मोठ्याने सांगेपर्यंत ती मान खाली घालून बसून राहिली, आणि सांगितल्यावर आत्ताच कळल्यासारखी लाजली. अनसूया निकम त्या परातीपाशी संपली. पुढे शिधापत्रिका, मतदार यादी, बँक, आधार सगळीकडे मुक्ताबाई शेडगे लागत गेली.

५. यजमान श्री. कोंडिबा शेडगे हे येथील घाऊक बाजारात चाळीस वर्षे पाठीवर पोती वाहत होते. गावाकडून पत्र आले की ते संध्याकाळी दारात बसून बोट ठेवून ठेवून मोठ्याने वाचत आणि अर्जदार भाजी निवडत ऐके. ते जोडाक्षराला अडखळत, कधी आख्खी ओळ गाळत. गाळलेली ओळ अर्जदार पाठीमागून येता-जाता वाचून घेई. बसच्या पाटीवर ‘ऐरोली’ असे स्वच्छ वाचूनसुद्धा ती कंडक्टरला विचारायची, ‘ही गाडी कुठं जाते, भाऊ?’ नवरा सही करी आणि ती अंगठा देई. शिरगणतीचा माणूस दारात आला की यजमान सांगत, “बायकू अडानी हाय.” १९८१, १९९१, २००१ आणि २०११, अशी चार वेळा ती नोंद झाली. चारही वेळा अर्जदार आतल्या खोलीत होती आणि चारही वेळा तिने ते ऐकले.

६. आपल्या कार्यालयात खिडकी क्र. ३ च्या डाव्या बाजूस ‘आपल्या परिसरातील साठ वर्षांवरील व्यक्तींचे माध्यमिक शिक्षण : दशकनिहाय’ असा तक्ता लावलेला आहे. रांगेत उभे राहून राहून अर्जदाराला तो तोंडपाठ झाला आहे. पुरुषांची पट्टी दर दहा वर्षांनी थोडी थोडी वर चढते. बायकांची पट्टी सुरुवातीला दिसतच नाही, नंतर नखाएवढी दिसते. महोदय, तो तक्ता चुकीचा आहे. त्यात अर्जदार नाही. तिची वर्गमैत्रीण शेवंता नाही. दाराच्या आत उभ्या राहून ऐकणाऱ्या आणखी किती जणी त्यात नाहीत हे अर्जदाराला माहीत नाही, आणि ज्यांनी तो तक्ता काढला त्यांनाही ते माहीत नसणार. नवऱ्याने सांगितलेले शिक्षण लिहून घेतले की अशी पट्टी येते. पट्टी नखाएवढी राहण्यात अर्जदाराचा स्वतःचा अंगठा आहे, हे मान्य करून ती त्याबद्दल माफी मागते.

७. बिंग जानेवारीत फुटले. अर्जदाराची नात कु. मोनाली तेव्हा दहावीच्या अभ्यासाला बसली होती. बीजगणिताचे एक उदाहरण तिला काही केल्या सुटेना. ती रडकुंडीला आली. अर्जदार शेजारी मेथी निवडत होती. तिने आधी नात काय लिहिते ते पाहिले, मग पुन्हा पाहिले, आणि शेवटी न राहवून म्हणाली, “मधलं पद इसरलीस. दोन अ ब.” मोनालीने वही पाहिली, मग आजीकडे पाहिले. अर्जदाराने मेथीत तोंड घातले. पण एकदा तोंडून निघालेले बीजगणित परत आत ढकलता येत नाही. तासाभरात सगळे घर गोळा झाले.

८. यजमान त्यानंतर चार दिवस अर्जदाराशी बोलले नाहीत. जेवत होते, औषध घेत होते, पण बोलणे बंद. अर्जदाराला वाटले, आता या वयात घर मोडते की काय. पाचव्या दिवशी चहा पिता पिता त्यांनी विचारले, “मंग माजं वाचताना चुकायचं, तवा बोलली का न्हाईस?” अर्जदार म्हणाली, “तुमी वाचत व्हता, मी ऐकत व्हते. तेवढंच बसनं व्हायचं आपलं.” दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः जाऊन शंभर पानी तीन वह्या आणि एक कंपासपेटी आणली. मोनाली मे महिन्यात उत्तीर्ण झाल्यावर तिची पुस्तके रद्दीत न जाता अर्जदाराकडे आली. तेव्हापासून ती रोज सकाळी अकरा ते दुपारी तीन खिडकीपाशी अभ्यास करते. अकरा ते तीनच का, ते पुढे येते.

९. अर्जदाराच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे. उजवा डोळा गेल्या वर्षीच गेला. डाव्याने समोरचे दिसते, कडेचे दिसत नाही, आणि जे दिसते त्याचे वर्तुळ दर महिन्याला थोडे आवळत चालले आहे. उजेड कमी असला की अक्षरे पुसट होतात, आणि घरातल्या खिडकीत पुरता उजेड अकरा ते तीनच असतो. डॉक्टरांनी सांगितले, “मार्चपर्यंत डोळा धरेल असं वाटतं. त्याच्या पुढच्या मार्चचं मी काही बोलणार नाही.” प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. हे दयेसाठी लिहिलेले नाही, मुदत कळावी म्हणून लिहिले आहे. आपल्या कक्षातील एका बाईंनी आपुलकीने सुचवले की अंध परीक्षार्थींना लेखनिक मिळतो, तो प्रश्न वाचून दाखवतो, तेव्हा दोन वर्षांनी सावकाश बसा. त्यांचा हेतू चांगला होता. पण महोदय, अर्जदाराला आयुष्यभर दुसऱ्यांनीच वाचून दाखवले आहे. एकदा तरी प्रश्नपत्रिका हातात घेऊन ती वरपासून खालपर्यंत स्वतः वाचायची, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप आहे. पास होणे त्यानंतरचे.

१०. आता प्रत्यक्ष अडचण. जुलैमध्ये यजमान गावी जाऊन शाळा सोडल्याचा दाखला घेऊन आले. मुख्याध्यापकांनी जुने रजिस्टर शोधून काढले, त्याबद्दल त्यांचे आभार. दाखल्यावर ‘अनसूया तात्याबा निकम, इयत्ता नववी उत्तीर्ण, शाळा सोडण्याचे कारण : विवाह’ असे स्पष्ट आहे. फॉर्म भरला. त्यावर ४ ऑगस्टचे त्रुटीपत्र आले, की अनसूया निकम व मुक्ताबाई शेडगे या एकच व्यक्ती असल्याचा पुरावा सादर करावा. अर्जदाराने लेखी कळवले, की नाव तांदळात लिहिले होते. ते तांदूळ भटजी उपरण्यात बांधून घेऊन गेले आणि पुढे त्यांचा भात झाला असावा. त्यावर ‘छायाचित्र असल्यास जोडावे’ असा शेरा मिळाला. १९७४ साली पानसवाडीच्या पंचक्रोशीत कॅमेरा कोणी पाहिला नव्हता. राजपत्रात नाव छापून आणा म्हणाले, तर त्यासाठी लग्नाचा दाखला मागतात. लग्नाच्या दाखल्याला भटजीची सही मागतात. भटजींना वारून एकतीस वर्षे झाली. यजमानांनी स्टॅम्पपेपरवर लिहून दिले की ते नाव मीच माझ्या हाताने लिहिले आहे. पण नवरा हा हितसंबंधी असल्याने त्याची साक्ष चालत नाही. माहेरी सख्खे कोणी उरले नाही. भावाचा मुलगा आहे, पण तो अर्जदाराच्या लग्नानंतर नऊ वर्षांनी जन्मला.

११. मग असे ठरले की अर्जदाराबरोबर शिकलेल्या कोणीतरी येऊन ओळख पटवावी. अर्जदाराने श्री. सदू बाळा यादव यांना शोधून काढले. ते सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन तुर्भ्यास मुलाकडे राहतात. बिचारे काठी टेकत खिडकीपर्यंत आले. तुम्ही यांना ओळखता का, असे विचारल्यावर त्यांनी छातीठोकपणे सांगितले, “न वळकायला काय झालं? हिच्याच वहीवरनं मी नववी काडली, सायेब.” खिडकीवरील साहेबांनी पेन खाली ठेवले आणि विचारले, की म्हणजे आपण परीक्षेत नक्कल केली होती काय, आणि तसे असल्यास हे जबाबात घ्यावे लागेल. सदूभाऊंना पेन्शनची धडकी भरली. त्यांनी पहिले वाक्य मागे घेतले, मग वही मागे घेतली, आणि शेवटी अर्जदारालाच मागे घेतले. ‘सदर महिलेस पूर्वी पाहिल्याचे आठवत नाही’ असे लिहून देऊन ते रिक्षाने घरी गेले. अर्जदाराचा त्यांच्यावर राग नाही. पण त्या दिवशी रिक्षाला हात दाखवताना त्यांनी मान वळवली नाही, ते मनाला लागले.

१२. उरली शेवंता. अर्जदाराच्या बाकावर बसणारी शेवंता गणपत यादव आज दिघ्याला राहते. साताऱ्याकडच्या किती बाया मुंबईत येऊन एकमेकींना पारख्या झाल्या, पण या दोघी हळदीकुंकवाला का होईना भेटत राहिल्या. ती अर्जदाराच्या लग्नात करवली म्हणून मिरवली होती आणि सासरी सोबत येऊन तांदळाच्या परातीपाशी बसली होती. याहून चांगला साक्षीदार शोधून सापडणार नाही. ती आली, तिने शपथेवर सांगितले. पण तिचा शाळेचा दाखला शेवंताच्या नावाचा आणि आधार कार्ड जनाबाई कदम या नावाचे आहे, कारण तिच्याही सासरी परात होती. तेव्हा जनाबाई म्हणजेच शेवंता हे आधी सिद्ध व्हावे असा आदेश झाला. ते सिद्ध करायला तिच्या लग्नात हजर असलेली शाळासोबती हवी. ती हजर होती. ती म्हणजे अर्जदार. पण अर्जदार स्वतःच अजून सिद्ध झालेली नसल्याने तिची साक्ष ग्राह्य नाही. आज दोघींच्या फायली आपल्या कपाटात एकावर एक ठेवलेल्या आहेत. वरची निकाली निघाली की खालची निघेल आणि खालची निघाल्याशिवाय वरची निघणार नाही, असे त्या दोघींना समजावून सांगण्यात आले आहे. वर्गातल्या चौघींपैकी तिसरी बाळंतपणात गेली. चौथीचे सासरचे नाव कोणालाच माहीत नाही, त्यामुळे ती जिवंत असली तरी सापडणार नाही.

१३. एवढ्याने भागले नाही. १ सप्टेंबरच्या पत्रात नवीनच मुद्दा निघाला. मागच्या वर्षी फेब्रुवारीत ज्येष्ठ नागरिकांच्या शिक्षणाची पाहणी झाली. यादी घेऊन कु. नमिता नावाची चांगली मुलगी दारात आली होती. अर्जदाराने सवयीने ‘शाळा नाही’ सांगितले आणि अंगठा दिला. त्यावरून तिचे नाव निरक्षरांत गेले आणि मार्चमध्ये समाजमंदिरात साक्षरतेच्या परीक्षेला बोलावणे आले. दहा बायका भरत नव्हत्या, नमिता रडवेली झाली होती, म्हणून अर्जदार संख्या भरायला गेली. पेपर सोपा होता. सगळे बरोबर आले तर संशय येईल म्हणून तिने दोन उत्तरे मुद्दाम चुकवली. तिला ‘नवसाक्षर’ असे प्रमाणपत्र मिळाले, गुलाबाचे फूल मिळाले आणि फोटोही निघाला. आता आपले कार्यालय म्हणते, की जी व्यक्ती मार्च २०२४ मध्ये प्रथमच साक्षर झाली ती १९७४ मध्ये नववी उत्तीर्ण असू शकत नाही. पुराव्यादाखल कार्यालयाकडे अंगठा आहे, प्रमाणपत्र आहे, आणि फोटोसुद्धा आहे. खऱ्या गोष्टीचा फोटो नाही आणि खोट्याचा आहे, याला अर्जदाराने काय करावे? मुक्त शाळेतून पाचवी, मग आठवी, मग दहावी अशी वाट सुचवण्यात आली. ती वाट चांगली आहे. तिला तीन वर्षे लागतात.

१४. गेल्या गुरुवारी अर्जदाराचा धीर सुटला. खिडकी क्र. ३ वर बसणारे श्री. अश्विन हे वयाने नातवासारखे आहेत आणि त्यांनी कधी आवाज चढवलेला नाही. अर्जदाराने त्यांना सांगितले, की हवा तो कागद पुढे करा, वाचून दाखवते, आणि मग सांगा मी शिकले की नाही. त्यांनी पुढे काही केले नाही, म्हणून तिने भिंतीवर दिसेल ते वाचायला सुरुवात केली. कार्यालयीन वेळा वाचल्या, लाच देऊ नका वाचले, तो तक्ता तळटिपांसकट वाचला, मग त्यांच्या टेबलावरचे परिपत्रक दुरून वाचले. मागच्या रांगेत एक बाई रडत होत्या, त्या कोण ते अर्जदाराला माहीत नाही. अर्जदाराला दम लागल्यावर श्री. अश्विन यांनी आपली पाण्याची बाटली दिली आणि म्हणाले, “आजी, तुम्हाला वाचता येतंय ते मला दिसतंय. पण वाचता येतं हा पुरावा नाय होत. वाचता येतं असं लिहिलेला कागद लागतो.” त्यांची काही चूक नाही. ही त्यांच्याविरुद्धची तक्रार समजू नये.

१५. घरी परत येताना अर्जदार यजमानांना म्हणाली की आता पुरे, पुस्तके देऊन टाकू. दुसऱ्या दिवशी अकराला त्यांनी खिडकीचा पडदा बाजूला केला, स्टूल पुसले आणि इतिहासाचे पुस्तक उघडून ठेवले. गडी आयुष्यभर पोती उचलत आला. त्याला आता कंबरेतून वाकता येत नाही, तरी पडलेली पेन्सिल तो खाली बसून उचलून देतो. या माणसाला पन्नास वर्षे फसवले, आणि आता तोच कार्यालयांचे जिने चढतो आहे. हे सांगताना अर्जदाराला लाज वाटते. दहावीला बसता आले नाही तर त्याचे केलेलेही वाया जाईल, आणि ते अर्जदाराला स्वतःच्या नुकसानीपेक्षा जड आहे.

१६. सबब अर्जदाराची विनंती पुढीलप्रमाणे. शाळेचा दाखला अर्जदाराचाच आहे असे मानून फॉर्म स्वीकारावा. ते जमत नसल्यास तात्पुरते प्रवेशपत्र द्यावे आणि चौकशी मार्चनंतर सावकाश करावी, अर्जदार कुठे पळून जात नाही. तेही नियमात नसल्यास शेवंता व अर्जदार या दोघींना एकाच दिवशी, एकाच वेळी, एकमेकींसमोर उभे करून दोन्ही फायली एकत्र उघडाव्यात. तेही शक्य नसल्यास निकाल राखून ठेवावा. कायमचा राखून ठेवला तरी चालेल. गुणपत्रिकेवर अनसूया लिहा, मुक्ताबाई लिहा, नावाची जागा कोरी ठेवा, अर्जदार कोणत्याही नावाचा हक्क सांगणार नाही. प्रमाणपत्र देऊ नका. उत्तरपत्रिका न तपासता गठ्ठ्यात बांधून टाकली तरी हरकत नाही. तिसऱ्या बाकावर, पाचव्या बाकावर, दाराशी, कुठेही बसवा. प्रश्नपत्रिका द्या आणि तीन तास द्या. फक्त खिडकीजवळची जागा मिळाल्यास उपकार होतील.

१७. सोबत : शाळा सोडल्याचा दाखला (मूळ), आधार कार्डाची प्रत, डोळ्याच्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र, यजमानांचे प्रतिज्ञापत्र, जनाबाई कदम ऊर्फ शेवंता यादव यांचा अमान्य झालेला जबाब, नवसाक्षर प्रमाणपत्र (परत करण्यासाठी), आणि दहावी गणिताच्या मागील पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका अर्जदाराने सोडवलेल्या, त्यांच्या झेरॉक्स. त्या नियमात मागितलेल्या नाहीत हे माहीत आहे.

१८. आणि महोदय, सर्व विचार करूनही आपले उत्तर ‘नाही’ असेच असेल, तर ते खिडकीवरून तोंडी सांगू नये, यजमानांच्या हाती निरोप देऊ नये आणि फोनही करू नये. लेखी द्यावे. उशिरा न देता याच आठवड्यात द्यावे, आणि शक्य झाल्यास टाईप थोडा मोठा ठेवावा. तो नकार अर्जदाराला स्वतः वाचायचा आहे.

आपल्या लेखी उत्तराची वाट पाहणारी,
अर्जदार

(स्वाक्षरी)
मुक्ताबाई कोंडिबा शेडगे
शाळेच्या रजिस्टरप्रमाणे : अनसूया तात्याबा निकम